गोळी : एक अपुरा शब्द

नायगाव सोडले की गाडी खाडीवर येते. वसई-विरारकडून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला हा टप्पा ठाऊक आहे. आधी एक पूल, मग पाणजू बेटाची थोडी जमीन, मग दुसरा पूल आणि त्यानंतर भाईंदर. मधे स्थानक नाही. वीस वर्षे मी या पुलावरून महाविद्यालयात जात आले. या प्रवासात मी उत्तरपत्रिका तपासल्या, मटार सोलले, प्रबंधाचे एक अख्खे प्रकरण मांडीवर वही ठेवून लिहिले. खाडीकडे कधी लक्ष गेले असेल तर ते भरती-ओहोटीपुरते. २०२३ च्या जुलैत एका सकाळी सिग्नल न मिळाल्याने गाडी पुलावर थांबली आणि चार-पाच मिनिटांत माझी खात्री पटली की मी आता मरणार.

हे वाक्य अलंकारिक नाही. छातीत धडधड सुरू झाली, श्वास अर्ध्यावरच अडू लागला, बोटांना मुंग्या आल्या, शेजारच्या बायकांचे बोलणे काचेपलीकडून आल्यासारखे ऐकू येऊ लागले. मरणाच्या भीतीला लगटून दुसरी भीती होती, आपल्याला वेड लागणार आणि ते या सगळ्यांच्या देखत लागणार. समोरच्या मावशींनी पाण्याची बाटली पुढे केली, कोणीतरी उठून खिडकी दिली. (विरार लोकलमध्ये न मागता खिडकी मिळाली तर आपली प्रकृती गंभीर आहे असे समजावे.) गाडी हलली, भाईंदर आले, मी उतरले आणि फलाटावरच्या बाकावर दहा-पंधरा मिनिटांत सारे ओसरले. दुपारी ईसीजी काढला, दुसऱ्या दिवशी थायरॉईड तपासले. दोन्ही नॉर्मल. ‘मॅडम, काही झालेलं नाही,’ असे मला सांगण्यात आले.

सांगणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा होता, याविषयी मला शंका नाही. परंतु ‘काही’ या सर्वनामाने मला पुढे बरेच दिवस छळले. जे झाले त्याला काही म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे? ‘अटॅक’ हा शब्द मराठीत हृदयविकाराने कधीच बळकावला आहे. ‘त्यांना अटॅक आला’ म्हटले की कोणी ‘कसला?’ असे विचारत नाही. त्यामुळे ‘पॅनिक अटॅक’ हा बोलण्यात नेहमी खोटा अटॅक ठरतो, खऱ्याची नक्कल. भीतीसाठी मराठीत शब्दांची टंचाई आहे असेही नाही. धडकी भरते, धाबे दणाणते, पाचावर धारण बसते, काळजात धस्स होते, पोटात गोळा येतो. मात्र या वाक्प्रचारांपैकी प्रत्येकाला समोर काहीतरी लागते. वाघ, सावकार, परीक्षा, रात्री उशिरा वाजलेला फोन. कारणावाचून येणाऱ्या भीतीसाठी त्यातला एकही उपयोगी पडत नाही. ‘पॅनिक’ हा शब्द ज्या ग्रीक देवतेवरून आला, तो पॅन एकाकी रानात वाटसरूंना असेच अकारण भेवडावीत असे, अशी कल्पना होती. आमच्याकडे या जागी ‘जीव घाबरा झाला’ एवढे एकच बोलणे जवळपास जाते, आणि ते उच्चारले की समोरचा लिंबूसरबत आणायला धावतो.

परंतु या लेखाचा विषय दुखण्याचे नाव हा नसून औषधाचे नाव हा आहे. अनुभवाअंती माझे मत असे झाले आहे की या दुखण्यावरील औषधाची निवड आपल्याकडे बहुतेकदा चुकते. चांगली औषधे नाहीत म्हणून ती चुकत नाही. अगदी वेगळ्या प्रकृतीच्या दोन औषधांना आपण एकाच शब्दाने हाक मारतो, म्हणून चुकते. तो शब्द म्हणजे ‘गोळी’.

पुलावरच्या त्या सकाळनंतर पंधरवड्यात आणखी तीन झटके आले, त्यांतला एक वर्गात, भर व्याख्यानात. घराजवळच्या एका डॉक्टरांनी मला एक बारीक गोळी लिहून दिली, ‘घाबरल्यासारखं झालं की घ्या.’ ती अल्प्राझोलाम होती, ०.२५ मिलिग्रॅम. तिचा गुण पाहून मी थक्क झाले. अर्ध्या तासात छातीवरचा दगड कोणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवावा, तसे वाटले. बाहेर जग तेच, गाडी तीच, पूल तोच, फक्त आत कोणीतरी आवाज कमी केलेला. ज्याने हे अनुभवले आहे त्याला या गोळीबद्दल नैतिक प्रवचन देऊ नये. मीही देणार नाही. तिने मला त्या पावसाळ्यात नोकरीवर ठेवले.

पुढचे मात्र सांगितले पाहिजे. ‘झाले की घ्या’चे महिनाभरात ‘होऊ नये म्हणून घ्या’ झाले. वसई रोडला गाडीत चढण्यापूर्वी एक, परत येताना एक. पाकीट पर्समध्ये आहे याची खात्री करण्यासाठी मी चेन उघडून पाहू लागले, आधी सकाळी एकदा, मग फलाटावर, मग गाडीत. ओळखीच्या एका दुकानातून ती गोळी मला दर वेळी सहज मिळत राहिली. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधे १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. म्हणजे वेष्टनावर लाल चौकटीतली सूचना, डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक, आणि दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपायची. माझे नाव कोणत्याही वहीत लिहिले गेल्याचे मला दिसले नाही. मीही आग्रह धरला नाही, हे कबूल करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला जाणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हा मी काही दिवस रिक्षाने जेट्टी गाठून बोटीने खाडी ओलांडू लागले. सहकाऱ्यांना सांगितले, गर्दीचा कंटाळा आला. समुद्राची हवा खात, पर्समधली गोळी चाचपीत, त्याच खाडीवरच्या पुलाला वळसा घालणारी ही बाई आता मला विनोदी वाटते. त्या वेळी ती अतिशय तर्कशुद्ध वागत होती.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला मला आठ महिने लागले, याला वसईचा भूगोलही थोडा कारण आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी वसई ठाणे जिल्ह्यात होती. आमच्या लहानपणी ‘ठाण्याला जावं लागणार’ याचे दोन अर्थ होते. एक कचेरीचे काम. दुसरा १९०१ साली स्थापन झालेले तिथले मनोरुग्णालय. दुसरा अर्थ कुजबुजत किंवा चिडवताना वापरला जाई. पुढे त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली. त्यांच्या आणि इतर काहींच्या लेखनामुळे मराठी मध्यमवर्गाला मनाच्या आजारांविषयी मोकळेपणाने बोलण्याची थोडी सवय लागली. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठीत समजावून दिली, तिचाही यात वाटा आहे. मी हे सारे वाचलेले होते. विद्यार्थ्यांना त्यातले सांगतही होते. तरी स्वतःवर वेळ आली तेव्हा मनात उमटले ते जुनेच ठाणे.

अखेर वसईतच एका मानसोपचारतज्ज्ञांना भेटले. त्यांनी माझी पर्स मागितली नाही, फक्त विचारले, ‘दिवसाला किती होतात?’ मी खरे सांगितले. मग ते म्हणाले, ‘ही गोळी म्हणजे उतारा आहे मॅडम. दुसरी एक देतो, ती मुरावी लागते.’

हे दोन शब्द मी घरी घेऊन आले. चिठ्ठीपेक्षा त्यांचाच मला अधिक उपयोग झाला.

‘उतारा’ या शब्दाचे मराठीत काय वैभव आहे! विषावरचा उतारा, दृष्ट लागलेल्यावरून ओवाळून तिकाटण्यावर ठेवलेला उतारा, सातबाराचा उतारा, आणि आमच्या प्रश्नपत्रिकेतला ‘पुढील उतारा वाचून’. आमच्या विद्यार्थ्यांना आता बहुधा शेवटचाच ठाऊक असतो. पहिल्या दोहोंत गुण तत्काळ असतो आणि त्या प्रसंगापुरता असतो. पुढच्या वेळी दृष्ट लागली तर नवा उतारा ठेवायचा. बेन्झोडायझेपाइन या गटातल्या औषधांचे, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम यांचे, काम नेमके असे आहे. मेंदूतील उत्तेजना शमवणारी जी ‘गाबा’ नावाची यंत्रणा आहे तिला ती जोर देतात, आणि औषधाचा अंमल उतरला की तोही जोर उतरतो. रोज घेत राहिल्यास काही आठवड्यांतच शरीर त्यांना सरावते, मग तेवढ्याच शांततेसाठी मात्रा वाढवावीशी वाटते, आणि अचानक थांबवल्यास मूळ भीतीपेक्षा मोठी भीती, निद्रानाश, क्वचित फेफरेसुद्धा येऊ शकते. दारूबरोबर ही औषधे जिवावर बेततात. वृद्धांत ती तोल आणि स्मरण बिघडवतात. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २०२० साली या सर्व गटाच्या वेष्टनावर अवलंबित्वाचा ठळक इशारा छापणे सक्तीचे केले. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत तर पॅनिकच्या विकारासाठी ती लिहून देऊ नयेत, दीर्घकाळात त्यांचा परिणाम उणा ठरतो, असे म्हटले आहे. इकडचे डॉक्टर इतके कडक नसतात. दुसरे औषध लागू पडेपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांपुरता उतारा देणे त्यांना गैर वाटत नाही, आणि मलाही ते समजू शकते. प्रश्न त्या दोन-तीन आठवड्यांचे आठ महिने होतात तेव्हाचा आहे.

मुरणारी गोळी वेगळी. माझ्या बाबतीत ती एस्सिटालोप्रॅम होती. सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन, फ्लुओक्सेटीन ही तिची भावंडे. ही मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या व्यवहारावर काम करते, आणि तिचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. लोणच्याच्या बरणीला पहिल्या दिवशी चव नसते, तसे. इथे मात्र उपमा अपुरी पडते, कारण पहिल्या आठवड्यात या बरणीची चव चक्क वाईट असते. मळमळ, डोके जड, झोप उडालेली, आणि सर्वांत विपरीत म्हणजे धडधड आणि अस्वस्थता आधीपेक्षा थोडी वाढलेली. म्हणूनच पॅनिकच्या रुग्णाला ती सहसा अर्ध्या मात्रेने सुरू करतात. मला ५ मिलिग्रॅमने सुरुवात करून पुढे १० वर नेले.

आता कल्पना करावी. एका माणसाच्या हातात दोन पाकिटे आहेत. दोन्हींचे नाव ‘गोळी’. एकीने अर्ध्या तासात बरे वाटते. दुसरीने आठवडाभर अधिक वाईट वाटते. त्याला कोणी काही सांगितलेले नाही, किंवा सांगितले ते दाराशी उभ्या पुढच्या रुग्णाकडे पाहत. तो कोणती टाकून देईल आणि कोणती जपून ठेवील? ‘मला ती गोळी सोसली नाही, ही चांगली लागू पडते,’ हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत ओळखीच्या चार-पाच जणांकडून ऐकले. प्रत्येक वेळी न सोसलेली मुरणारी होती आणि लागू पडलेली उतारा. निवड झाली खरी, पण ती माहितीच्या अभावाने केली, माणसाने नव्हे.

माझ्या मते याच्या मुळाशी आपल्या भाषेची एक जुनी सवय आहे. आपण औषध निवडत नाही, डॉक्टर निवडतो. ‘त्यांचा हातगुण चांगला आहे’ म्हणतो. गुण औषधाचा नव्हे, हाताचा. तापखोकल्यात यामुळे फार बिघडत नाही. पाच दिवसांत हात कळतो. जे औषध वर्षभर घ्यायचे, ज्याचा पहिला पंधरवडा उलटा जाणार, आणि जे सोडतानाही पायरीपायरीने सोडायचे, तिथे हातगुणाच्या कल्पनेवर भागत नाही. तिथे रुग्णाला काळाचे भान द्यावे लागते. शिवाय मध्यमवर्गीय घरांत ‘गोळी’ या शब्दामागे ‘काम्पोज’ची स्मृती आहे. डायझेपाम १९६३ साली अमेरिकेत ‘व्हॅलियम’ या नावाने आले, आणि त्याच दशकाच्या अखेरीस रॅनबॅक्सीने ते भारतात ‘काम्पोज’ म्हणून विकायला आणले. आमच्या आई-मावश्यांच्या पिढीत ‘तिला काम्पोज देऊन झोपवलंय’ हे वाक्य मयताच्या घरी हमखास ऐकू येई. तेव्हापासून मनासाठीची कोणतीही गोळी म्हणजे झोपेची गोळी असे समीकरण बसले. माझ्या सासूबाईंनी माझी एस्सिटालोप्रॅम पाहून विचारले, ‘सकाळी घेतेस? मग शिकवतेस कशी?’ प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. त्यांच्या अनुभवात त्या शब्दाचा तेवढाच अर्थ होता.

यावर कळस म्हणजे आपल्या बाजारातली जोडगोळी. एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच टिकियेत कोंबलेले मिश्रण आपल्याकडे अनेक नावांनी मिळते आणि सर्रास लिहून दिले जाते. यामागचा युक्तिवाद उघड आहे. उताऱ्याने पहिले आठवडे निभतील, तोवर दुसरे मुरेल, आणि रुग्णाला एकच गोळी घ्यावी लागेल. पण तीन आठवड्यांनी त्यातला उतारा काढून घ्यायचा कसा? टिकिया मधोमध तोडली तर दोन्ही अर्धे होतात. क्लोनाझेपाम कमी करायचे तर चिठ्ठीच बदलावी लागते, आणि जो रुग्ण परत न जाता जुनीच चिठ्ठी दाखवीत राहतो त्याची ती बदलत नाही. म्हणजे जी दोन औषधे आधीच एका शब्दात अडकली होती ती इथे एका वस्तूतच अडकली. केंद्र सरकारने २०१६ साली ३४४ आणि, न्यायालयीन वादानंतर, २०१८ साली ३२८ ठरीव मिश्रणांवर बंदी घातली, त्यामागे अशा मिश्रणांना उपचाराचा आधार नाही हाच आक्षेप होता. मी औषधशास्त्राची जाणकार नाही. तरीही पॅनिकच्या नव्या रुग्णाला पहिल्याच भेटीत ही जोडगोळी देणे मला चूक वाटते, आणि ते स्पष्ट म्हणायला मी कचरत नाही.

आता आमच्या स्टाफरूमकडे वळते, कारण या पानांचे वाचक बहुतांशी तिथलेच आहेत. आमच्या क्षेत्रात औषधाला होणारा विरोध अडाणी नसतो, सुसंस्कृत असतो, आणि म्हणून अधिक चिवट असतो. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला गीतेचा पहिला अध्याय ऐकवला. गात्रे गळणे, तोंडाला कोरड, अंगाला कंप, रोमांच, हातातून निसटणारे गांडीव, त्वचेचा दाह, उभेही न राहवणे. ‘मॅडम, हा पॅनिक अटॅकच की नाही? आणि अर्जुनाने काय गोळी घेतली?’ स्टाफरूम हसली, मीही हसले. लक्षणांची यादी विलक्षण जुळते, हे खरेच. परंतु अर्जुनाच्या भीतीला विषय होता. समोर आजोबा आणि गुरू उभे होते, आणि त्यांना मारायचे होते. ज्याला त्या क्षणी कंप सुटणार नाही, त्याचीच तपासणी करावी. अर्थपूर्ण भयाला अर्थाने उत्तर देता येते, म्हणून पुढे सतरा अध्याय शक्य झाले. माझ्या पुलावर कोणीही उभे नव्हते. नायगाव-भाईंदर दरम्यान थांबलेल्या गाडीत मला कोणताही धर्मसंकटाचा प्रश्न पडलेला नव्हता. माझ्या मेंदूने धोक्याची घंटा चुकून वाजवली होती. चुकून वाजलेल्या घंटेशी तत्त्वचर्चा करता येत नाही.

दुसरा विरोध एका कविमित्राचा. त्याच्या मते अस्वस्थता ही लेखकाची पुंजी आहे, आणि गोळ्या ती वितळवून टाकतात. साठोत्तरी साहित्य शिकवताना आम्हीच हे पेरले आहे. अस्तित्ववाद, परात्मता, व्याकुळता, एकाकीपणा ही सगळी पदे मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आले. भीती हीच माणसाच्या स्वातंत्र्याची जाणीव आहे, हा कीर्केगॉरचा विचार मी विद्यार्थ्यांना सोपा करून सांगितला आणि त्यावर आठ गुणांचा प्रश्नही काढला. पण खरा झटका आला तेव्हा त्यात स्वातंत्र्याचा मागमूस नव्हता. त्यात विचारच नव्हता. जो माणूस पुढचा श्वास मोजतो आहे तो परात्म नसतो, तो फक्त श्वास मोजत असतो. या दोन गोष्टी आम्ही समीक्षेत एकमेकींत मिसळल्या आणि दुखण्याला एक प्रतिष्ठा दिली, जिच्यामुळे उपचार घेणे म्हणजे काहीतरी गमावणे असे हुशार मुलांना वाटू लागते. वेडाविषयी मराठीत मोठे लेखन झाले, ‘देवराई’ (२००४) आणि ‘कासव’सारखे चित्रपट आले, ‘कासव’ला राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळही मिळाले. पण सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी घेऊन नोकरीवर जाणारे पात्र आपल्या कथा-कादंबरीत शोधायला गेले तर हाती फार थोडे लागते. कदाचित त्यात नाट्य नाही म्हणून. कविमित्राला मी एवढेच म्हणाले की मी कविता लिहीत नाही, उत्तरपत्रिका तपासते, आणि त्या गोळीने अधिक नीट तपासल्या जातात.

त्याच्या बोलण्यातले एक मात्र मी झटकून टाकणार नाही. या औषधांनी काही जणांना भावना बोथट झाल्यासारखे वाटते, हे खरे आहे. कामेच्छा मंदावणे हा त्यांचा अगदी नेहमीचा दुष्परिणाम आहे, आणि आपल्याकडे डॉक्टर तो सांगत नाहीत, रुग्ण विचारत नाही, आणि वर्षभर नवरा-बायको एकमेकांवर रुसतात. काहींचे वजन वाढते. पंचविशीच्या आतल्या मुलांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्मघाताचे विचार वाढत नाहीत ना यावर लक्ष ठेवावे लागते. आपण शिक्षक आहोत, आपल्यापुढे बसलेली सगळी मुले त्याच वयाची आहेत, तेव्हा हे आपल्याला माहीत असलेले बरे. निवड म्हणजे या गोष्टी मांडून ठरवणे. दम्याच्या माणसाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. ज्याला फक्त व्यासपीठावर हात थरथरण्याचा त्रास आहे, त्याला मात्र तेच कधी पुरते. ज्याच्या घरी दारूचे व्यसन आहे त्याच्या हाती उतारा देताना दहादा विचार करावा. सर्वांना एकच उत्तम गोळी असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

आणि गोळी न घेणे हीसुद्धा एक निवड आहे, आळस नव्हे. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती पॅनिकवर औषधाइतकीच गुणकारी ठरली आहे. तिच्यात झटक्याच्या वेळी शरीरात काय चालते ते समजून घ्यायचे आणि टाळलेल्या जागी पुन्हा पायरीपायरीने जायचे असते. माझ्या बाबतीत ती जागा पूल होती. पण या उपचाराला आठवड्याला एक तास आणि प्रत्येक तासाचे पैसे लागतात, आणि विरार-नालासोपाऱ्यात राहून चर्चगेटला नोकरी करणाऱ्या माणसाला ते दोन्ही कुठून आणायचे हा प्रश्न आहे. महिन्याची गोळी त्या मानाने फार स्वस्त पडते. म्हणजे अनेकांच्या बाबतीत औषधाची ‘निवड’ ही खरे तर वेळापत्रकाने आणि खिशाने केलेली असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजाराच्या बरोबरीने मानसिक आजारालाही संरक्षण देणे बंधनकारक केले आहे, ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनीसेवा आहे, तीवर मराठीतही बोलता येते. या सोयी आहेत. विरार फास्टमधून उतरलेल्या माणसाच्या तासाची सोय त्यात अजून नाही.

एक हकीकत मला या सर्वांत फार महत्त्वाची वाटते. १९६० च्या आसपास न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात डोनल्ड क्लाइन हे मानसोपचारतज्ज्ञ इमिप्रामीन हे तेव्हा नवे असलेले औषध अशा रुग्णांना देऊन पाहत होते. काही आठवडे झाले, रुग्ण म्हणत, काहीच फरक नाही. डॉक्टरांनाही दिसेना. फरक दिसला तो परिचारिकांना. पूर्वी हे रुग्ण ‘मी मरतोय’ म्हणत त्यांच्या टेबलाकडे धावत येत, ते येणे थांबले होते. झटके गेले होते, पण झटक्याची भीती तशीच राहिली होती, आणि रुग्णाला दोन्ही एकच वाटत असल्याने आपण बरे होत आहोत हे त्याला कळत नव्हते. या निरीक्षणातून पुढे पॅनिक हा स्वतंत्र विकार आहे ही कल्पना उभी राहिली, आणि १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात तिला वेगळे स्थान मिळाले.

माझेही तसेच झाले. एस्सिटालोप्रॅमच्या सहाव्या आठवड्यात मी डॉक्टरांना सांगितले, काही उपयोग नाही, मी अजून बोटीनेच जाते. त्यांनी विचारले, ‘शेवटचा झटका कधी आला?’ मला तारीख आठवेना. मग अल्प्राझोलाम उतरवण्याचे काम सुरू झाले. दर दोन आठवड्यांनी चतकोर कमी, एकदम नाही. ते वाईट गेले, विशेषतः शेवटचा चतकोर. ती गोळी शरीराला नको झाली होती, पर्सला हवी होती.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाच्या नावाशेजारी मराठीत तीन ओळी लिहाव्यात. ही कधी लागू पडेल, पहिल्या पंधरा दिवसांत काय होईल, आणि ती कधी व कशी थांबवायची. माझ्या डॉक्टरांनी त्या मी मागितल्यावर लिहून दिल्या. अक्षर वाचता आले नाही म्हणून पुन्हा वाचून घेतल्या. आपण मराठीचे अध्यापक शासनाच्या परिभाषा-कोशांवर टीका करण्यात हयात घालवतो. इथे दोन साधे शब्द रूढ करायचे आहेत, आणि ते घडवायचीही गरज नाही, कारण एका डॉक्टरांनी ते सहज बोलताना वापरले.

एस्सिटालोप्रॅम मी साधारण वर्षभर घेतली. २०२५ च्या मे महिन्यात, सुटीत, ती पाचवर आणली. परीक्षांच्या हंगामात नको, असे ठरले होते. जूनमध्ये कॉलेज सुरू झाल्यावर एका सकाळी गाडी पुन्हा पुलावर थांबली. पाऊस होता, पाणजूकडचा किनारा दिसत नव्हता. थोडी धडधड झाली. मी घड्याळ पाहिले, चार मिनिटे लागली. समोरची मुलगी कानात वायर घालून झोपली होती. पर्समध्ये पाकीट नव्हते, आणि ते नाही हे मला भाईंदर गेल्यावर आठवले.